वैशाखांतील खाऱ्या पाण्याची पेटी

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत चिखला नांवाचें गांव आहे. गांव लहान, परंतु मँगनीजच्या खाणीमुळें त्याचें नांव दूरवर पोंचलें आहे. १९६२ सालीं स्थापन झालेली व पुढें 'मॉयल' ह्या नांवानें ओळखली जाऊं लागलेली कंपनी ती खाण चालविते. समुद्र म्हणाल तर मुंबईचा, आणि तो रेल्वेनें नऊशें किलोमीटरांच्याहि पलीकडे. अशा ह्या गांवाहून आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे, आणि तें आहे समुद्राच्या पाण्याविषयीं!

त्यांच्या पुतण्यानें गेल्या कार्तिकांत १५० लिटरांची कांचेची पेटी मांडली, नागपुराहून मिठाचें मिश्रण आणून घरींच समुद्र तयार केला, महिना-दीड महिना तें पाणी मुरूं दिलें आणि मग 'क्लाऊन' जातीचे, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे त्यांत सोडले. माघापर्यंत पाणी २६ अंशांवर स्थिर होतें. चैत्र लागला तसा पारा चढला, व पत्र लिहिण्याच्या दिवशीं दुपारीं तो ३२ अंशांवर होता. मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडाची उघडझांप करितात, पुतण्याचें जेवणाकडे लक्ष नाहीं, आणि घरांत तीन मतें झालीं आहेत. दुकानदार म्हणतो, पाणी थंड करण्याचें यंत्र, ज्यास चिलर म्हणतात तें, घ्या; त्याची किंमत पेटी, दिवे व मासे मिळून झालेल्या खर्चाहून अधिक. एक स्नेही म्हणतात, दोन लहान पंखे लावा म्हणजे झालें. सासूबाईंचें म्हणणें, वैशाखांत बोअरला पाणी लागत नसतां रोज तीन-चार लिटर पाणी माशांपायीं हवेंत उडवूं नका.

निवाडा आम्हीं करावा असा पत्राचा रोख आहे. तर आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. वैशाखाच्या कोरड्या उन्हांत चिखल्यास पंखा पुरेल, चिलर नको. सासूबाईंचा आक्षेप खरा आहे, पण त्यास वाट आहे. आणि ज्या दिवसांची त्या घरांत कोणासहि धास्ती दिसत नाहीं, ते मृगाचे दिवसच खरे कठीण आहेत.

मनुष्य ४४ अंशांच्या उन्हांत वावरतो तो घामाच्या आधारावर. त्याचें रक्त ३७ अंशांच्या आसपासच राहतें. माशास ती सोय नाहीं. भोंवतालचें पाणी जितकें ऊन तितकें त्याचें शरीर ऊन. शरीर तापलें कीं त्याची प्राणवायूची गरज वाढते, आणि नेमका त्याच वेळीं पाण्यांतील प्राणवायु घटलेला असतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यांत लिटरमागें ८.३ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. तितक्याच उष्णतेच्या समुद्राच्या पाण्यांत ६.७, आणि तेंच पाणी ३० अंशांवर गेलें कीं ६.२. म्हणजे खाऱ्या पाण्यांतील मासा मुळांतच कमी शिध्यावर असतो, आणि उन्हाळ्यांत तो शिधा आणखी तुटतो. त्यांत तळाशीं पडलेलें उष्टें अन्न उष्णतेनें लवकर कुजतें व तेंहि प्राणवायु खातें. ह्या माशांस २४ ते २७ अंशांचें पाणी मानवतें. ३० च्या वर गेलें कीं काळजी करावी.

येथें कोणी म्हणेल, भंडारा हा तर तलावांचा जिल्हा. तेथल्या मालगुजारी तलावांतील मासे वैशाखांत मरत नाहींत, मग हेच एवढे नाजूक कां? तलावांतला मासा उथळ झालेल्या, दुपारीं तापणाऱ्या व पहाटे निवणाऱ्या पाण्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. प्रवाळाच्या खडकांतल्या माशास असे चढउतार ठाऊक नसतात. समुद्र अफाट असल्यामुळें त्याचें पाणी दिवसाकांठीं सहसा फार हलत नाहीं. त्याच माशास १५० लिटरांत कोंडलें म्हणजे समुद्राचा तो संथपणा राखण्याचें काम आपल्या अंगावर येतें.

आतां पंखा काय करतो तें पाहूं. पंख्यानें हवा थंड होते असा पुष्कळांचा समज आहे. तसें कांहींएक होत नाहीं. बंद खोलींत नुसता पंखा फिरवीत ठेवला तर त्याच्या मोटारीनें खोली किंचित तापेलच. पंखा पाण्यावरची ओलसर हवा हटवून कोरडी हवा आणतो, त्यामुळें पाणी भराभर उडतें, आणि उडणारें पाणी जातांना मागें राहिलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. माठाचें, सुरईचें, वाळ्याच्या पडद्याचें तत्त्व हेंच. विदर्भांत घरोघरीं खिडकीशीं घरघरणाऱ्या कूलरचेंहि हेंच.

ह्याचा हिशेब मोठा मनोरंजक आहे. एक लिटर पाणी उडून जातांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता खर्चीं पडते. एक किलोकॅलरी म्हणजे एक लिटर पाण्यास एक अंश चढवावयास लागणारी उष्णता. तेव्हां १५० लिटरांच्या पेटींतून एक लिटर उडालें तर उरलेलें पाणी जवळ जवळ चार अंशांनीं उतरावें. (खाऱ्या पाण्याचे आंकडे किंचित निराळे असतात, पण घरगुती हिशेबांत तेवढा फरक सोडून देण्यास हरकत नाहीं.) उलट, एक किलो बर्फ बाटलींत बंद करून पेटींत सोडला, तर वितळून २७ अंशांवर येईतों तो अवघी १०७ किलोकॅलरी शोषितो, पाणी पाऊण अंशहि उतरत नाहीं. दिवसभर फ्रीज उघडून बाटल्यांची ने-आण करणाऱ्या मुलांस हा हिशेब अवश्य दाखवावा.

अर्थात् कागदावरचे चार अंश पेटींत टिकत नाहींत. खोलींतील उष्णता कांचेंतून अखंड आंत शिरत असते. शिवाय पेटींतच चुली पेटलेल्या असतात, त्यांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. पाणी फिरविणारा २० वॅटचा पंप अहोरात्र चालला तर दिवसाकांठीं सुमारें ४१० किलोकॅलरी पाण्यांत ओततो. ती उष्णता कोठें निघून गेली नाहीं तर पाणी पावणेतीन अंशांनीं तापेल. दिव्यांचें तेंच. हें सर्व जमेस धरून आम्हीं गणित केलें. ३७ अंशांच्या खोलींत एवढी पेटी २७ अंशांवर राखावयाची तर रोज साडेतीन लिटरांच्या आसपास पाणी उडावें लागतें. सासूबाईंनीं अंदाजानें सांगितलेला आंकडा बरोबर आहे!

एक शंका राहते. बाहेर ४४ अंशांची झळ वाहत असतां तीच हवा पाण्यावर घातली तर पाणी निवेल कीं तापेल? ह्याचा निकाल घरच्या घरीं लागतो. दोन सारखे उष्णतामापक घ्यावे, एकाच्या टोकास पातळ सुती चिंधी गुंडाळून ती भिजवावी, व दोन्ही पंख्यासमोर पांच मिनिटें धरावे. ओल्या चिंधीचा पारा जेथें थांबेल ती त्या दिवसाची सीमा. पंख्यानें पाणी त्याच्या खालीं कधींच जाणार नाहीं, आणि बाहेरून येणाऱ्या उष्णतेमुळें त्याच्या तीन-चार अंश वरच राहील. आतां पाहा. उष्णता ४४ अंश व हवेंतील आर्द्रता शेंकडा १५ असेल तर ओला पारा सुमारें २३ वर उतरतो. मुंबईस मे महिन्यांत ३४ अंश व शेंकडा ७० आर्द्रता असतां तो २९ च्या खालीं येत नाहीं. समुद्राच्या कांठीं बसून समुद्राचा मासा पंख्यावर राखतां येत नाहीं, आणि चिखल्याच्या खाणीजवळ राखतां येतो! १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर उघडलेलें तारापोरवाला मत्स्यालय पाहून आपल्याहि घरीं असें कांहीं असावें असें ज्या मुंबईकर मुलांच्या मनांत आलें असेल, त्यांच्यापेक्षां आमच्या पत्रलेखिकेचा पुतण्या ह्या एका बाबतींत भाग्यवान् आहे.

मांडणीविषयीं. पेटी पश्चिमेच्या भिंतीस टेकलेली असेल तर ती हलवावी. माजघरांतली आंतली भिंत सर्वांत बरी. हलवितांना पाणी उपसून घ्यावें, भरलेली पेटी ओढूं नये. वरचें कांचेचें झांकण काढून बारीक जाळी बसवावी, कारण झांकणाखालीं ओलसर हवा कोंडली तर पंखा व्यर्थ, आणि जाळी नसली तर मासा उडी मारून बाहेर पडतो. संगणकांत बसवितात तसे १२ व्होल्टचे दोन लहान पंखे पुरतात. ते पेटीच्या एका टोकाशीं असे तिरपे लावावे कीं वारा पाण्याच्या पृष्ठावरून सरकत दुसऱ्या टोकास जाईल. दिवे दुपारीं न लावतां सायंकाळीं सहापासून रात्रीं अकरापर्यंत लावावे. माशांस दिवस केव्हां उजाडला ह्याचा हट्ट नसतो, नियमितपणा मात्र हवा.

कूलरविषयीं विशेष सांगावयाचें आहे, कारण येथें घरोघरीं गोंधळ होतो. कूलर खिडकींत असून बाहेरची कोरडी हवा आंत घेत असेल, आणि समोरची खिडकी वा दार उघडें असेल, तर खोली निवते व पेटीसहि फायदा होतो. पण कूलर खोलीच्या आंत ठेवून दारें-खिडक्या लावून घेतल्या, तर तो तीच तीच हवा भिजवीत राहतो. थोड्या वेळानें माणसें चिकचिकतात, आणि पेटीवरचे पंखे फिरत असूनहि पाणी उडेनासें होतें.

आतां पाण्याचा प्रश्न. उडतें तें निव्वळ पाणी. मीठ मागेंच राहतें. समुद्राच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे १५० लिटरांत सव्वापांच किलो. रोज चार लिटरांप्रमाणें आठवडाभर पाणी उडूं दिलें व भर घातली नाहीं, तर तेवढेंच मीठ १२२ लिटरांत राहून प्रमाण ४३ ग्रॅमांवर जातें. उष्णतेपासून वांचविलेला मासा मग मिठानें मरतो. त्याहून वाईट म्हणजे घटलेली पातळी मिठाच्या पाण्यानें भरून काढणें. हौशी मंडळींच्या हातून हें फार वेळां होतें. भर नेहमीं क्षाररहित पाण्याचीच घालावी. पेटीच्या बाहेरून कांचेवर रंगाची एक रेघ ओढावी, आणि सकाळ-सायंकाळ दोन वेळां, थोडें थोडें करून, पाणी त्या रेघेस आणावें. घनता मोजण्याचें साधन असेल तर तें १.०२५ च्या जवळपास दाखवील, तेंच राखावें.

बोअरचें पाणी ह्या कामीं उपयोगाचें नाहीं. त्यांतील क्षार दिवसेंदिवस पेटींत सांचत जातात. घरांत आरओचें यंत्र असल्यास त्याचें पाणी चालतें. परंतु तें यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागें बहुधा दोन-तीन लिटर पाणी टाकून देतें, म्हणजे माशांचे चार लिटर हे घराचे बारा ते सोळा लिटर होतात. सासूबाईंच्या आक्षेपाचें खरें वजन येथें आहे, आणि तें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. ज्या घरांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहिली जाते त्या घरांत आधीं माणसांच्या पिण्याची, मग गुराढोरांची व मगच माशांची तजवीज. पण टाकलेलें पाणी टाकून देण्याचें कारण नाहीं. यंत्राच्या त्या नळीखालीं बादली ठेवावी. तें पाणी फरशी पुसण्यास व भांडीं विसळण्यास चालतें. कूलरमध्यें मात्र तें सारखें ओतूं नये, क्षार बसून त्याची ताटी कडक होते. पुतण्यास मासे हवे असतील तर ती बादली रोज भरून मोरींत नेऊन ठेवण्याचें काम त्यानें पत्करावें, असा आमचा निवाडा आहे.

मृगाकडे वळूं. जूनच्या पहिल्या आठवड्यांत एखादा वळीव पडतो, उष्णता ४४ वरून ३६ वर येते, सर्वांस हायसें वाटतें, आणि घरांतला मनुष्य म्हणतो कीं आतां पंख्याची चिंता मिटली. वस्तुस्थिति अगदीं उलटी असते. ३६ अंश व शेंकडा ६० आर्द्रता असतां ओला पारा २९ च्या वर थांबतो. म्हणजे बाहेर आठ अंश कमी झाले, पण पंख्याची सीमा सहा अंशांनीं वर चढली. वैशाखांत २७ वर राहिलेलें पाणी ज्येष्ठाच्या कुंद दुपारीं ३१-३२ वर जातें तें ह्यामुळें. तेव्हां ओल्या चिंधीचा पारा मृगाच्या आधींपासून रोज दुपारीं वहींत टिपावा. तो २७ च्या वर जाऊं लागला कीं दिवे अगदीं थोडा वेळ लावावे, माशांचें खाणें निम्म्यावर आणावें, हवेचा लहान पंप रात्रंदिवस चालू ठेवावा, आणि भोंवतालच्या उष्णतेची आंत येणारी वाट अडवावी, म्हणजे पेटीच्या तीन बाजूंस थर्मोकोलचे तक्ते लावावे. बर्फाच्या बाटल्या, ज्यांची वर आम्हीं थट्टा केली, त्या ह्या दिवसांत मात्र उपयोगीं पडतात. पाणी उडेनासें झालें म्हणजे पाऊण अंशहि मोलाचा. चिलर घेणें ज्यांस परवडतें त्यांनीं तें वैशाखासाठीं न घेतां ह्या तीन-चार आठवड्यांसाठीं घ्यावें. आणि त्याची गरम हवा खोलीबाहेर जाईल अशी सोय करावी. नाहीं तर तें पेटींतली उष्णता खोलींत ओततें व खोली ती पुन्हां पेटींत घालते.

वळिवाबरोबर वीज जाते हें सांगावयास नकोच. पंखा बंद पडल्यानें मासा लगेच मरत नाहीं; पाण्याची हालचाल थांबल्यानें, प्राणवायु तुटून, तो आधीं गुदमरतो. म्हणून विजेच्या अभावीं पहिली सोय करावयाची ती बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपाची. १२ व्होल्टचे पंखे इन्व्हर्टरवर पुष्कळ तास चालतात. तेंहि नसेल तर पेटीच्या बाहेरच्या कांचेस ओलें फडकें लावून त्याचें टोंक साध्या पाण्याच्या तसराळ्यांत सोडावें. सुरईस आपण करतों तसेंच. हवा कोरडी असेल तर त्यानेंहि अंशभर उतार पडतो, आणि हातपंखा हलविणारें कोणी घरांत असलें तर अधिक. एकत्र कुटुंबांत असें कोणी तरी सांपडतेंच.

मिठाचें पाणी व वीज ह्यांचें वैर लक्षांत ठेवावें. पंख्याची बैठक स्क्रूनें पक्की करावी. नुसता जाळीवर टेकविलेला पंखा केव्हां तरी पाण्यांत पडतोच. विजेचा खटका पेटीच्या पातळीहून वर असावा, आणि तारेस मध्यें खालीं झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी झोलाशीं गळून पडेल, खटक्यांत शिरणार नाहीं. गळत्या विजेवर आपोआप बंद पडणारें ३० मिलिअँपिअरचें साधन वीजजोडणी करणाऱ्याकडून त्या फळीवर बसवून घ्यावें. ह्या खर्चांत काटकसर करूं नये. पेटींत हात घालण्यापूर्वीं खटका बंद करण्याची संवय लहानथोर सर्वांस लावावी. मिठाच्या तुषारांनीं पंख्यास लवकर गंज चढतो, म्हणून दर आठवड्यास ओल्या फडक्यानें पुसावा व एक हंगाम झाला कीं बदलावा.

समुद्रापासून इतक्या दूर हा खटाटोप करावाच कां, असाहि प्रश्न पत्रांत ओझरता आला आहे. ही हौस नवी नाहीं. फिलिप हेन्री गॉस ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें १८५४ सालीं अशा पेट्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हांच समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठीं क्षार मिसळून समुद्राचें पाणी बनविण्याची कृतीहि त्यानें सांगितली होती. मात्र गॉसच्या काळच्या हौशी लोकांनीं समुद्रकिनारे ओरबाडले, तें आपण करूं नये. आपल्या समुद्रांतील प्रवाळ व समुद्रघोडे ह्यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं २००१ पासून संरक्षण आहे; दुकानदार कितीहि आग्रह करो, ते घेऊं नयेत. क्लाऊन मासे हौदांत वाढविण्याची रीत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें बसविली आहे. तसे हौदांत जन्मलेलेच मासे मागून घ्यावे. उन्हाळ्याच्या सुट्टींत सर्व मंडळी कुलूप लावून गांवीं जात असतील त्या घरांत ही पेटी मुळींच मांडूं नये. आणि मांडावयाची तर पुतण्यानें केली तशी कार्तिकांत मांडावी, चैत्रांत नव्हे; मांडतांना आणखी मोठी घेतां आली तर घ्यावी, कारण पाणी जितकें अधिक तितकें तें सावकाश तापतें.

मुंबई व कोंकणांतील वाचकांनीं हे आंकडे आपणांस लागू करूं नयेत. त्यांच्याकडे पंख्यानें एखाद-दुसऱ्या अंशापलीकडे कांहीं हातीं लागत नाहीं. त्यांस खोलीची हवाच थंड ठेवावी लागते, आणि त्याचा हिशेब निराळा आहे. तो पुढील अंकीं घेऊं.